मास्तरांची तिसरी चूक

मास्तरांनी आयुष्यात एकही वर्ग शिकवला नव्हता. शाळेशी त्यांचा संबंध सातवीनंतर परस्परसंमतीने संपला होता. तरी सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणे, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी खडू असे आणि गॅरेजात आलेल्या प्रत्येकाला ते आधी स्टुलावर बसवून तोंडी परीक्षा घेत.

परीक्षा एकाच प्रश्नाची. "आवाज कसा येतो, काढून दाखवा."

नवीन गिऱ्हाईक इथेच गडबडे. "आवाज ना? गाडी बाहेरच आहे, चालू करतो की."

"गाडी राहू द्या. तुम्ही काढा."

मास्तरांचं म्हणणं असं, की गाडी गॅरेजच्या फाटकात शिरली की शहाण्यासारखी वागायला लागते. चार दिवस घरच्यांचा जीव खाणारं पोर डॉक्टरांपुढे कसं हसतखेळत जीभ दाखवतं, तसंच. उलट तो आवाज ज्याने पंधरा दिवस सोसलाय, जेवताना, आंघोळ करताना, बायको काही महत्त्वाचं सांगत असताना ज्याच्या डोक्यात तो घुमलाय, त्याच्या पोटात तो जसाच्या तसा उतरलेला असतो. तो बाहेर काढला की निम्मं इंजिन उघडल्यासारखंच आहे.

त्यामुळे त्या तीन पायांच्या स्टुलावर बसून भल्याभल्यांनी घशातून, नाकातून आणि क्वचित पोटातून चित्रविचित्र आवाज काढले होते. एका निवृत्त न्यायाधीशांनी तर "टक्, टक्, घर्र, टक्" हे इतक्या गंभीरपणे ऐकवलं होतं, की बाकावरची माणसं नकळत उभी राहिली. लाजणाऱ्यांसाठी सवलत होती. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं तरी चालत असे.

आवाज ऐकून झाला की मास्तर क्षणभर डोळे मिटत, उठत आणि हत्यारांच्या काळ्या लोखंडी कपाटाच्या दारावर खडूने दुखणं लिहीत. बॉनेट उघडायच्या आधी. हा त्यांचा कायदा होता. निदान बरोबर निघालं की फडक्याने पुसायचं. चुकलं तर त्याच अक्षरांवरून पांढरा ऑइलपेंट फिरवायचा, म्हणजे ते जन्मभर दारावर राहील. एकतीस वर्षांत ऑइलपेंटचा डबा दोनदाच उघडला होता. पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं नाक चोंदलं होतं, त्यामुळे गिअरबॉक्सचा आवाज सायलेन्सरचा वाटला. दुसऱ्यांदा एक गायन शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी झिजलेल्या बेअरिंगचा आवाज इतका सुरात काढला, की मास्तरांनी दारावर "काही नाही" असं लिहिलं आणि बाईंची गाडी दोन चौक ओलांडून बसली.

मास्तरांच्या मुलीकडे मात्र खडू नव्हता, पेटी होती. मोटारींचं रीतसर शिक्षण घेऊन ती गॅरेजात आली तेव्हा ही पेटी बरोबर घेऊनच आली. गाडीच्या एका भोकात तिची वायर खुपसली की गाडी आपलं दुखणं आकड्यांत सांगते. मास्तरांनी ते आठ दिवस बघितलं आणि म्हणाले, "चहाडी करणाऱ्या गाड्या तुझ्या. पोटात ठेवणाऱ्या माझ्या." तेव्हापासून वाटणी झाली. नव्या गाड्या मुलगी बघे आणि जुने ट्रक, टेम्पो मास्तर. बापलेकीचं यावरून कधी वाजलं नाही. फक्त चारेक वर्षांपूर्वी चहा पिताना मुलगी सहज म्हणाली होती, "बाबा, कानांवर किती दिवस चालणार हे?" त्यावर मास्तर कप खाली ठेवून म्हणाले होते, "ज्या दिवशी हे कान दगा देतील ना, त्या दिवशी हा खडू तुझ्या टेबलावर ठेवीन आणि घरी जाईन. मला सांगायला नको कोणी."

तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते आणि दोन घरं पलीकडे कोणी काडेपेटी ओढली तरी त्यांना कळत असे. अशा वेळी प्रतिज्ञा करायला माणसाचं काही जात नाही.

मंगळवारी सकाळी बिऱ्हाडे आला. हे त्याचं आडनाव नव्हे. लोकांची बिऱ्हाडं हलवण्याचा त्याचा धंदा होता, म्हणून लोक त्याला तसं म्हणत. सव्वीस वर्षांचा चौकोनी नाकाचा ट्रक, मागे दोऱ्या, गोधड्या, पुठ्ठे. गावातल्या कुठल्या घरातलं कपाट कुठल्या दारातून तिरकं करून निघतं हे त्याला पाठ होतं. मास्तरांचा तो तरुणपणापासूनचा दोस्त. एरवी फाटकापासूनच बोलायला सुरुवात करणारा माणूस. आज मात्र गळ्याला, हनुवटीला आणि जवळजवळ नाकाला मफलर गुंडाळून आला.

"काय रे, दरोडा घालायला निघालास?"

"घसा," मफलरातून उत्तर आलं.

"आणि ट्रकचा?"

ट्रकचा घसा तर फाटकाबाहेरूनच ऐकू येत होता. घोंगावत होता नुसता. मास्तरांनी हाताने खूण केली तसा बिऱ्हाडेने इंजिन बंद केलं आणि निमूटपणे स्टुलावर बसला. मग, ज्याने आजवर या स्टुलावर बसून आवाजांबरोबर अभिनयही केला होता, त्याने चक्क भिंतीकडे तोंड केलं. मफलर खाली ओढला. श्वास घेतला.

"घूंऽऽऽ," बिऱ्हाडे म्हणाला. "घूंऽऽऽ... सीऽऽऽ... घूंऽऽऽ... सीऽऽऽ."

कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता, तरी ती शिट्टी त्यातून तारेसारखी आरपार आली. मास्तरांनी डोळे मिटले.

"ही शिट्टी सारखी येते, का मधून मधून?"

"रस्त्यावर सारखी," मफलर पुन्हा वर गेला होता. "पंधरवडा झाला. समोर कोणी मध्ये घुसलं की जास्त."

"म्हणजे ब्रेक, आणि मग एकदम वेग. उभी असताना?"

"उभी असताना नाही येत."

"झालं तर. पट्टा सरकतोय." मास्तर उठले आणि कपाटाच्या दारावर लिहिलं: *बिऱ्हाडे, ट्रक. शिट्टी. पट्टा.*

इंजिनाच्या पुढच्या बाजूला पाणी थंड करणारा रेडिएटर असतो, त्यामागे पंखा, आणि पंखा, पाण्याचा पंप, डायनामो या सगळ्यांना फिरवणारा तो रबरी पट्टा. पट्टा जुना झाला, ढिला झाला, की पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. ही पहिल्या इयत्तेतली गोष्ट होती. घोंगावण्याचं काय, असं कोणी विचारलं असतं तर मास्तरांनी त्यांचा ठरलेला सिद्धांत ऐकवला असता: मोठा आवाज लक्ष वेधायला असतो, दुखणं बारीक आवाजात असतं. घरात भांडी आपटणारं माणूस एक आणि कोपऱ्यात बारीक आवाजात मुसमुसणारं दुसरं. चौकशी दुसऱ्याची करावी.

मुलगी जाता जाता थांबली. तिच्या हातात कुठल्याशा गाडीचा दिवा होता. "बाबा, घोंगावतोय फार. आधी पंखा हाताने फिरवून बघायचा का?"

"शिट्टी सापडू दे आधी."

तिने दारावरचं वाचलं, मान हलवली आणि आपल्या दिव्यामागे निघून गेली.

दुपारपर्यंत नवा पट्टा बसला. मास्तरांनी इंजिन चालू केलं, वेग वाढवला, सोडला, पुन्हा वाढवला. घोंगावणं तसंच. पंखा असा गरजत होता, की ट्रक आता उडणार आणि बिऱ्हाडेला वैमानिकाचा परवाना काढावा लागणार असं वाटावं. पण मास्तर त्याखालची शिट्टी शोधत होते. ती गेली होती का? नवीन पट्ट्याने जायलाच हवी. पण मग, त्यांच्या मनात आलं, पट्टा काढायच्या आधी तरी मी ती ऐकली होती का?

हात पुसता पुसता ते थांबले. ट्रक फाटकातून आत आला तेव्हा घोंगावणं ऐकलं होतं. शिट्टी ऐकली होती ती बिऱ्हाडेच्या तोंडून. ट्रकच्या तोंडून नव्हे.

"गेली का हो शिट्टी, बाबा?" गॅरेजच्या दुसऱ्या टोकाहून, एका गाडीखालून मुलीने विचारलं.

बिचारीने दारावर लिहिलेलं वाचून विचारलं होतं. पण मास्तरांनी त्याचा वेगळाच अर्थ काढला. म्हणजे हिलाही येत होती ऐकू. बिऱ्हाडेला येते, हिला येते. मला नाही.

"जाईल," मास्तर म्हणाले.

इथे मास्तरांनी सरळ विचारलं असतं, की बाई गं, तुला या ट्रकची शिट्टी ऐकू येते का, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण एकतीस वर्षं दुसऱ्यांचे कान म्हणून जगलेल्या माणसाला हा प्रश्न तोंडातून काढणं म्हणजे पोहणं शिकवणाऱ्याने बुडताना ओरडण्यासारखं. ते नाही ओरडले. बिऱ्हाडेला त्यांनी "उद्या ये" म्हणून घरी पाठवलं.

बुधवारी त्यांनी रीतसर काम केलं, आणि ते काम नजर लागण्यासारखं होतं. पट्टा काढून इंजिन मिनिटभर चालवलं. घोंगावणं बंद. म्हणजे दुखणं पट्ट्यावर फिरणाऱ्या कुठल्या तरी वस्तूत होतं, इंजिनाच्या पोटात नव्हे. पाण्याच्या पंपाची पुली धरून आतबाहेर हलवून पाहिली, केसाइतकी ढिली नव्हती. पंपाखालचं बारीक भोक, जिथून पंप मरायला टेकला की पाणी ठिबकतं, ते कोरडं ठणठणीत. पट्टा परत चढवला, इंजिन चालू केलं आणि लांब पेचकसाचं टोक डायनामोवर टेकवून मूठ कानाला लावली. गुळगुळीत. पेचकस पंपावर टेकवला. गुळगुळीत. दोन्हीकडून बेअरिंगचा आवाज असा शांत आणि समाधानी येत होता, की जणू दोघांना नुकतंच पेन्शन लागलंय.

मास्तरांनी पेचकस उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. शिट्टी नाही.

दुपारी त्यांनी ट्रक एकट्यानेच बाहेर काढला. रस्त्यावर सारखी येते म्हणाला होता ना. बाजार, पूल, नदीकाठचा चढ, सगळीकडे फिरवला. पुलाच्या तोंडाशी एक मोटरसायकलवाला अगदी वेळेवर, जणू ठरवून, मध्ये घुसला. मास्तरांनी ब्रेक मारला, वेग वाढवला आणि श्वास रोखून कान दिले.

घूंऽऽऽ. बाकी काही नाही.

मोटरसायकलवाल्याला ते एक शब्दही बोलले नाहीत. तो बिचारा शिवी खायला मागे वळून तयार होता, त्याला हा शांत म्हातारा बघून उगीच भीती वाटली आणि त्याने वेग वाढवला.

संध्याकाळी घरी आल्यावर मास्तरांनी परीक्षा घ्यायला सुरुवात केली, या वेळी स्वतःची. बायको स्वयंपाकघरात होती. कुकरची शिट्टी झाली. ऐकू आली. पण कुकरची शिट्टी मेलेल्यालाही ऐकू येते, तिचं काय घेऊन बसायचं? त्यांनी कुठेसं वाचलं होतं, की म्हातारपणी कान जातात ते वरून जातात. आधी सगळ्यात बारीक आवाज जातो, मग त्याखालचा, असं जिन्यावरून उतरल्यासारखं. बारीकातला बारीक आवाज कोणता? खूप विचार करून ते मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले आणि डासाची वाट बघू लागले.

बायकोने दोनदा डोकावून पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. या माणसाने डासांना शिव्या दिलेल्या तिने ऐकल्या होत्या, त्यांच्यासाठी अगरबत्ती विझवलेली पहिल्यांदाच बघत होती.

"कोणी यायचंय का?"

"नाही."

"मग दिवा तरी लावा."

"नको. येणार नाहीत."

"कोण येणार नाहीत?"

मास्तरांनी तिला हातानेच आत जायची खूण केली. पंधराएक मिनिटांनी घोट्याला आग झाली. त्यांनी खाली पाहिलं. डास आला होता, जेवला होता, गेलाही होता. येताना गुणगुणला असेल, जाताना गुणगुणला असेल. मास्तरांना पत्ता नव्हता.

ते आत आले ते असा चेहरा घेऊन, की बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काय झालं?"

"डास चावला."

"बरं मग?"

"ऐकू नाही आला."

"घोट्याला चावलाय. कानात येऊन वर्दी देऊन जाणार होता का तो?" बायको म्हणाली. "तुमचं आपलं काहीतरीच. हात धुवा आणि बसा जेवायला."

युक्तिवाद बिनतोड होता. पण दुःख करायचं ठरवलेल्या माणसाला युक्तिवाद पचत नाही. मास्तर जेवले कमी आणि कान चोळले जास्त.

गुरुवारी ते गॅरेजात नेहमीपेक्षा लवकर गेले. कपाटाच्या दारावर *शिट्टी. पट्टा.* तसंच होतं. मुलगी अजून यायची होती. तिच्या टेबलावर बिलांचा गठ्ठा, पेटी, पेटीची गुंडाळलेली वायर. मास्तरांनी खिशातून खडू काढला. अर्धा झिजलेला, घामाने जरा पिवळट. पेटीशेजारी ठेवला. आडवा ठेवला तर घरंगळेल म्हणून उभा करून पाहिला, तो पडला, म्हणून पुन्हा आडवा ठेवला आणि पेटीला टेकवला. प्रतिज्ञा चार वर्षांपूर्वी किती झोकात केली होती. खडू ठेवण्याच्या या भानगडीचा विचार तेव्हा केला नव्हता.

मग घरी जायला हवं होतं. प्रतिज्ञेत तसंच होतं. पण बिऱ्हाडेचा ट्रक बॉनेट उघडून समोर उभा होता आणि आजारी माणूस तोंड उघडून बसलेला असताना डॉक्टर घरी जात नाही. हा ट्रक तेवढा काढू, मग जाऊ, असं म्हणून त्यांनी बॅटरीची वायर सोडली आणि डायनामो खोलायला घेतला.

मुलगी आली. खडू पाहिला. तिला वाटलं, बाबा विसरले. मग एका टायरवर खूण करायची होती, हाताशी खडू होता, तिने तो वापरला आणि कानामागे खोचून कामाला लागली. एका माणसाच्या एकतीस वर्षांचा राजीनामा असा मंजूर झाला.

बिऱ्हाडे जेवणाच्या सुमाराला उगवला, मफलरासकट. कॉम्प्रेसर बंद होता. मुलगी सुटे भाग आणायला गेली होती. गॅरेजात इतकी शांतता होती, की छपरावरच्या कबुतरांची पावलं मोजता आली असती, आणि मास्तर खरोखरच मोजत होते.

"काय निघालं?" बिऱ्हाडेने बाकावर बसत विचारलं.

"निघेल."

बिऱ्हाडेने डबा उघडला. मास्तरांना जरा नवल वाटलं. सफरचंद गुडघ्यावर पुसून करकचून चावा घेणारा हा माणूस आज सफरचंदाच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून आणतो, आणि खातो तेही पाठ फिरवून. पण स्वतःच्याच दुःखात असलेल्या माणसाचं नवल फार टिकत नाही. ते पुन्हा डायनामोकडे वळले.

मफलर काढून जेवता जेवता बिऱ्हाडेला राहवलं नाही. तीन दिवस गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला झेपण्यासारखं नव्हतं. "नाही म्हणजे घाई नाही," तो म्हणाला, "पण शनिवारी सकाळी साडेसातला सासूबाईंच्या शेजारणीचं सगळं सामान..."

मास्तरांच्या हातातला पाना थांबला.

"काय म्हणालास?"

"सामान हलवायचंय म्हटलं."

"नाही, आधीचं. पहिल्यापासून."

"शनिवारी?"

"हं."

"शनिवारी सकाळी साडेसातला सासूबाईंच्या..." बिऱ्हाडे थांबला. "असा काय बघतोयस?"

मास्तर सरळ उभे राहिले. त्यांनी ट्रककडे पाहिलं. बॅटरीची वायर सुटलेली. डायनामो खाली काढलेला. पट्टा खिळ्यावर लटकलेला. मग बिऱ्हाडेकडे पाहिलं.

"ट्रक बंद आहे," मास्तर हळूच म्हणाले.

"बरं?"

"आणि शिट्टी चालू आहे."

बिऱ्हाडेने झटकन मफलर उचलला. मास्तरांनी त्याहून झटकन तो काढून घेतला.

"उघड."

"काय उघड?"

"बॉनेट."

"मास्तर, तुला माझी शप्पथ..." आणि त्या "शप्पथ"मध्येही एक छोटीशी, कोवळी शिट्टी होती. ती ऐकून मास्तरांना इतका आनंद झाला, की त्यांनी बिऱ्हाडेला मिठीच मारली. बिऱ्हाडे सफरचंदाची चकती हातात धरून तसाच उभा राहिला.

मग सगळं बाहेर आलं, अक्षरशः. वरची कवळी. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेली, आणि बायको सोडून जगात कोणाला न सांगितलेली. कारण बिऱ्हाडेच्या थोरल्या भावाला दहा वर्षांपासून कवळी होती आणि या दहा वर्षांत बिऱ्हाडेने त्याला एक दिवस सुखाने जेवू दिलं नव्हतं. "दादा, दात कपाटात राहिले का?" "दादा, रात्री दात पेल्यात, आणि हसू कशात ठेवता?" असले विनोद दोन्ही वेळेला, पाहुण्यांसमोर. आता थोरल्याला कळलं असतं तर त्याने दहा वर्षांची थकबाकी व्याजासकट वसूल केली असती, आणि तीही एकाच घरात राहून.

"म्हणून मफलर."

"म्हणून मफलर. दात जरा सैल बसलेत. बोललो की शिट्टी वाजते, हे मला कुठं माहीत? मला वाटायचं ट्रकचीच आहे. गाडी चालवताना तर सारखी यायची."

"आणि समोर कोणी मध्ये घुसलं की जास्त," मास्तर म्हणाले. "कारण घुसला की तू त्याच्या सात पिढ्या काढतोस."

बिऱ्हाडेने यावर विचार केला. "खरं आहे," तो म्हणाला. "थांबलो की थांबायची."

"आता दात खिशात ठेव आणि स्टुलावर बस."

"पुन्हा?"

"पुन्हा. शुद्ध आवाज पाहिजे मला."

बिऱ्हाडे स्टुलावर बसला. बिनदाताच्या तोंडातून निघालेला आवाज असा होता: "हूंऽऽऽऽ." सलग, जाडजूड, वेगाबरोबर चढणारा. शेवटाला शेपूट नाही.

"सकाळी पहिल्यांदा चालू करतोस, इंजिन थंडगार असतं, तेव्हा?"

"तेव्हाही हाच. पहिल्या सेकंदापासून. गल्लीतले लोक खिडक्या लावून घेतात."

"आणि हे मी मंगळवारी विचारलं नाही," मास्तर स्वतःशीच म्हणाले.

कारण विचारलं असतं तर तिथेच उत्तर होतं. पंखा आणि त्याला फिरवणाऱ्या पुलीच्या मध्ये ताटलीएवढा एक डबा असतो, पंख्याचा क्लच. त्यात दाट तेल असतं. इंजिन तापलं की ते तेल पंख्याला पकडून जोरात फिरवतं, थंड असलं की सोडून देतं, मग पंखा आपला आळसात फिरतो. सव्वीस वर्षांनी या डब्याने सोडून द्यायचं सोडलं होतं. थंडी असो, ऊन असो, पंखा सदैव इंजिनाच्या वेगाने गरगरत होता. मास्तरांनी पंख्याचं पातं बोटाने ढकललं. थंड इंजिनावर ते जरा जडपणे पण वळायला हवं होतं. ते पुलीला घेऊनच वळलं. दोघं एकजीव झाले होते. डब्याच्या कडेला धूळ बसून काळा ओशट ओघळ वाळला होता, तीन दिवस त्यांच्या नाकासमोर.

मंगळवारी मुलीने नेमकं हेच सांगितलं होतं. पंखा हाताने फिरवून बघा.

"एक वचन दे," बिऱ्हाडे म्हणाला. दात परत बसवून झाले होते. "हे कोणाला सांगायचं नाही. तुझ्या पोरीलाही नाही. ती घरी वहिनींना सांगणार, वहिनी माझ्या वहिनीला सांगणार, मग संपलंच."

मास्तरांनी कपाटाच्या दाराकडे पाहिलं. *शिट्टी. पट्टा.* दोन शब्द शेजारी जोडले, *शिट्टी कवळीची*, की त्यांची एकतीस वर्षं पुन्हा स्वच्छ. चूक त्यांची नव्हती, साक्षीदारच बनावट दात लावून आला होता.

पण मग त्यांना वाटलं, साक्षीदार बनावट होता हे खरं, पण थंड इंजिनाचा प्रश्न विचारला नाही तो कोणी? आणि खरं सांगायचं तर या क्षणी त्यांना कपाटाची दोन्ही दारं चुकांनी भरलेली चालली असती. वर छपरावर कबूतर चाललं. तीन पावलं. थांबलं. एक पाऊल.

"दिलं," मास्तर म्हणाले.

मुलगी नवा क्लच घेऊनच परतली. तिला फोन करून सांगितलं होतं. चार बोल्ट, जुना डबा बाहेर, पाती उजेडात धरून चिरा पडल्यात का ते पाहणं, नवा डबा आत, मग डायनामो, पट्टा आणि बॅटरीची वायर जागच्या जागी. बापलेकींनी मिळून तासाभरात उरकलं. ट्रक चालू केला तेव्हा पंखा पाचएक सेकंद गरजला, मग हळूहळू शांत होत गेला आणि शेवटी नुसता श्वास घेतल्यासारखा फिरत राहिला. बिऱ्हाडेला क्षणभर वाटलं, इंजिन बंद पडलं.

मास्तरांनी ऑइलपेंटचा डबा काढला. झाकण इतक्या वर्षांत असं चिकटलं होतं, की पेचकसाने उचकटावं लागलं. *बिऱ्हाडे, ट्रक. शिट्टी. पट्टा.* या अक्षरांवरून ते बारीक ब्रशने पांढरा रंग फिरवू लागले, आणि फिरवता फिरवता शीळ घालू लागले.

मुलगी मागे येऊन उभी राहिली. "बाबा, लोक चूक झाल्यावर शीळ घालत नाहीत."

"तू मंगळवारीच सांगितलं होतंस. पंखा फिरवून बघा. मी ऐकलं नाही."

"ऐकू आलं नव्हतं?"

"आलं होतं की," मास्तर घाईघाईने म्हणाले. "चांगलं आलं होतं. ऐकलं नाही."

"पण मग शिट्टी कसली होती?"

"नव्हतीच."

"नव्हती? मला वाटलं तुम्हाला ऐकू येतेय."

"मला वाटलं तुला येतेय."

मुलगी काहीतरी विचारणार होती, पण बापाच्या चेहऱ्यावरचं ते ऑइलपेंट लागलेलं हसू बघून तिने विचार बदलला. तिने कानामागचा खडू काढला. आता तो बोटभरच उरला होता.

"हा तुमचा. टेबलावर विसरला होतात सकाळी."

मास्तरांनी खडूकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. "हो, विसरलो होतो," असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला, आणि वरून खिसा थोपटला.

तोवर बिऱ्हाडे ट्रक मागे घेत फाटकापर्यंत पोचला होता. ट्रक इतका मुका चालला होता, की आपण जातोय हे कळवायला त्याला खिडकीतून डोकं बाहेर काढावं लागलं. मफलर उडत होता. गळ्याचं, हनुवटीचं, सगळ्या पथ्याचं भान आनंदात सुटलं होतं.

"येतो रे मास्तर!" तो ओरडला. "शनिवारी सामान सोडून संध्याकाळी सर्व्हिसिंगला येतो!"

मुलीने चमकून मान वर केली. "बाबा! शिट्टी! आत्ता आली बघा, अजून आहे ती. ऐकलीत?"

मास्तरांनी ब्रश डब्यात बुडवला आणि तिसऱ्या चुकीच्या शेवटच्या अक्षरावर नीट, शांतपणे काना ओढला.

"ऐकली," ते म्हणाले.